बाळंतपणाच्या रजेआधी: हिशेब कुणाच्या हाती, निरोप कधी?

पत्र: मी फोंड्याला राहते आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत सहा वर्षं हिशेब बघते. आम्ही अकरा जण आहोत. माझा पगार अठ्ठावीस हजार. पहिलंच बाळंतपण आहे, अठ्ठाविसावा आठवडा लागलाय आणि डॉक्टरांनी २० सप्टेंबर ही तारीख दिली आहे. बाळंतपणाला माहेरी सत्तरी तालुक्यात जाणार, तिथे रेंज कधी असते, कधी नसते. माझं काम एप्रिलमध्ये लागलेल्या एका मुलाकडे जाणार आहे. तो हुशार आहे, पण अख्खा महिना त्याने एकट्याने कधी पार पाडलेला नाही. मालक म्हणतात, ‘चतुर्थीपर्यंत ये, मग बघू. फोनवर तर असशीलच.’ मला नाही म्हणवत नाही. सगळं अर्ध्यावर टाकून चालले असं वाटतं. काम कसं सोपवू, आणि निरोप कसा घेऊ? चार माणसांसमोर बोलायला उभी राहिले की मला रडू येतं. — एक वाचक, फोंडा

ताई,

आधी तारखेचं बघू, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि तुमची तारीख २०. मधे फक्त सहा दिवस. शिवाय ३० ऑगस्टला तुमचे सदतीस आठवडे पुरे होतात. त्यानंतर कळा कधीही सुरू झाल्या तरी डॉक्टर ते वेळेआधीचं बाळंतपण मानत नाहीत. म्हणजे ‘चतुर्थीपर्यंत’ म्हणताना मालक ज्या दोन आठवड्यांवर विसंबले आहेत, ते तुमच्या हातातले नाहीतच. त्यात भर पावसात बोरी पुलावरून फोंडा ते वेर्णा रोजची ये-जा.

आम्ही सुचवतो: शेवटचा दिवस शुक्रवार, २१ ऑगस्ट. शनिवार २२ पासून रजा. ही तारीख तुमच्या कामातूनच निघते. कंपनी जीएसटीची विवरणं दरमहा भरते असं धरलं, तर जुलैचं जीएसटीआर-३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचं विवरण, २० ऑगस्टपर्यंत जायला हवं. ते गेलं की जुलै महिना पूर्ण बंद झाला, आणि ऑगस्टची विवरणं सप्टेंबरशिवाय सुरू होत नाहीत. उठून जायला महिन्यातली हीच जागा बरी. १० किंवा १५ तारखेला गेलात तर अर्धा महिना तुमचा, अर्धा त्याचा होईल, आणि चूक कुठल्या अर्ध्यात झाली हे शोधण्यात सगळ्यांचे दिवस जातील.

आता तुमच्या हातात दोन महिन्यांची चक्रं आहेत: जूनची विवरणं जुलैत, जुलैची ऑगस्टमध्ये. पहिलं चक्र तुम्ही करा, तो शेजारी बसेल. दुसरं तो करेल, तुम्ही शेजारी बसाल. इतकंच. या पत्रातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर हे ठेवा: वही लिहून दिल्याने काम दुसऱ्याच्या हाती जात नाही, तुमच्या देखत त्याने ते एकदा पुरं केलं की जातं. बहुतेक जणी शेवटच्या आठवड्यात रात्री जागून वीस पानांची टिपणं काढतात. सप्टेंबरात ती उघडली की कळतं, नेमकी अडलेली गोष्टच त्यांत नाही. सहा वर्षं जे हात आपोआप करतात ते लिहायचं सुचतच नाही.

म्हणून जुलैत टिपणं त्याने काढावीत, तुम्ही नाही. तुम्ही तुमच्या नेहमीच्या वेगाने काम करा. कुठे थांबवायचं ते तो सांगेल. नवखा माणूस जिथे ‘एक मिनिट, हे का केलंत?’ म्हणतो, तीच ओळ लिहिण्याजोगी असते. संध्याकाळी पंधरा मिनिटं त्याचं लिखाण वाचा आणि चुकलेलं लाल पेनने दुरुस्त करा.

ऑगस्टमध्ये भूमिका उलट. ७ तारखेला, शुक्रवारी, टीडीएस, म्हणजे दुसऱ्यांना पैसे देताना कापून ठेवलेला कर. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण. १४ ला जीएसटीआर-२बी, म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या क्रेडिटचं पत्रक, तयार होतं, ते खरेदीच्या नोंदींशी ताडून बघायचं. पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) १५ पर्यंत, पण १५ ऑगस्टला सुट्टी आहे, तेव्हा ती चलनं १३ लाच भरून टाकू द्या. मग २० ला ३बी. या दोन आठवड्यांत माउस त्याच्याच हातात. तो अडला तर आधी स्वतःची वही बघेल, वहीत नसेल तर तुम्हाला विचारेल आणि उत्तर तिथेच लिहून घेईल. तुम्हाला हे कठीण जाईल. तुमचं अर्ध्या तासाचं काम तो तीन तास करत बसलेला बघवणार नाही आणि हात शिवशिवतील. तरी हात आवरा. तुम्ही समोर असताना झालेली चूक दहा मिनिटांत निस्तरते. तीच सप्टेंबरात झाली तर उशिराचं शुल्क, व्याज आणि मालकांचा सत्तरीला फोन.

जूनच्या चक्रातच एक वेगळी यादी सुरू करा: अपवादांची. नियम तो शिकेल, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअरही शिकेल. पण कुठला पुरवठादार आपलं विवरण उशिरा भरतो आणि म्हणून त्याच्या बिलांवरचं आपलं जीएसटीचं क्रेडिट एक महिना मागे पडतं, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. कुठलं गिऱ्हाईक टीडीएस कापून पैसे पाठवतं आणि म्हणून बिलाची रक्कम कधीच पुरी जुळत नाही. कुठल्या ट्रकवाल्याच्या भाड्यावर आरसीएमखाली, म्हणजे सेवा देणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने, जीएसटी आपल्याला भरावा लागतो. कुठल्या महिन्यात विम्याचा हप्ता, कुठल्या महिन्यात भाडेवाढ. प्रत्येक अपवादाला एक ओळ: कोण, काय, कधी, गेल्या वेळी काय केलं. पंचवीस-तीस ओळी होतील. डोक्यात आलं की लगेच लिहा. रात्री तीन वाजता आठवतं, तेव्हा उशाशी कागद ठेवा. गरोदरपणात तसंही झोप मोडतेच.

ओटीपीचं काम मात्र आजच सुरू करा, कारण रजेवर गेल्यावर पहिला फोन बहुधा याचसाठी येतो. लहान कंपन्यांत सोय म्हणून हिशेब बघणाऱ्याचा मोबाइल सगळीकडे दिलेला असतो. जीएसटीचं पोर्टल, पीएफचं पोर्टल, ई-वे बिल, आयकर, बँक, वीजबिलाचं खातं — प्रत्येकात आत जाऊन बघा की निरोप कुठल्या नंबरवर आणि कुठल्या ईमेलवर जातो. तुमचा नंबर दिसेल तिथे मालकांचा किंवा कंपनीचा घाला. माहेरी रेंज नसताना ओटीपी तुमच्या फोनवर आला तर ३बी थांबलंच, आणि २० सप्टेंबर ही तर तुमचीच तारीख. ई-वे बिलासाठी मुख्य खात्यातून त्याच्या नावाने उपवापरकर्ता काढता येतो. बँकेत तुम्ही ‘मेकर’, म्हणजे ऑनलाइन व्यवहार नोंदवणाऱ्या, असाल तर तुमचा पासवर्ड त्याला देऊ नका, त्याच्या नावाने नवा मेकर करून घ्या. बँकेत ठराव, पत्र, ओळखपत्रं असे कागद फिरायला वेळ लागतो, म्हणून हा अर्ज या आठवड्यातच जाऊ द्या. तुमच्या नावाने तुम्ही नसताना व्यवहार होत राहिले, तर उद्या प्रश्न आला की उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. मालकांच्या डिजिटल सहीचा टोकन तुमच्या खणात असेल तर तो त्यांच्या हाती द्या. देण्याआधी त्याची मुदत बघा. ती ऑगस्ट ते फेब्रुवारीच्या मधे संपत असेल तर नूतनीकरण आत्ताच.

किरकोळ रोकड २१ तारखेला दोघांनी मिळून मोजायची, वहीत आकडा लिहून दोघांच्या सह्या. चेकबुकातले कोरे चेक किती, त्यांचे क्रमांक काय, तेही त्याच पानावर. टॅलीचा बॅकअप रोज. पावसात वीज जाते, आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली हे कुणालाच आठवत नाही.

आणखी एक जागा आहे जिथे सप्टेंबर तुम्हाला गाठू शकतो: लेखापरीक्षण. तुमच्या कंपनीला कर लेखापरीक्षण लागू असेल तर त्याचा अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत द्यावा लागतो आणि लेखापरीक्षकांचे प्रश्न नेमके त्याच महिन्यात सुरू होतात. प्रश्न गेल्या वर्षीचे, म्हणजे तो मुलगा लागायच्याही आधीचे. म्हणून मालकांकरवी सीएंना आत्ताच कळवा की मी २१ ऑगस्टनंतर नाही, तुमचे प्रश्न ३१ जुलैपर्यंत द्या. पहिल्या तिमाहीचं टीडीएस विवरणही ३१ जुलैलाच आहे. तो आठवडा जड जाईल, तेव्हा त्यात दुसरं काही घेऊ नका. तुम्ही नसताना येणाऱ्या मोठ्या तारखा त्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच्याच हाताने लिहून घ्या: १५ सप्टेंबरचा आगाऊ कर, जो चतुर्थीच्या दुसऱ्याच दिवशी येतो, म्हणून ११ पर्यंत भरलेला बरा. ३१ ऑक्टोबरचं टीडीएस विवरण. ३१ डिसेंबरचं जीएसटीचं वार्षिक विवरण.

आता तुमचा स्वतःचा कागद. दुसऱ्यांचे पगार वेळेवर करणारी माणसं स्वतःचा अर्ज शेवटी टाकतात, आणि ते आम्हाला खरंच खटकतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, पण तुमच्या कामाच्या तरतुदी त्याच आहेत. दुकानं आणि आस्थापनांना दहा किंवा अधिक माणसं असली की ही रजा लागू होते. तुम्ही अकरा आहात. तारखेआधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, ते तर झालंच आहे. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा, त्यांतले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेआधी. म्हणजे तुम्ही हवं तर २६ जुलैपासूनही थांबू शकता. तेव्हा रजा २३ जानेवारीला संपेल. २२ ऑगस्टपासून घेतली तर १९ फेब्रुवारी २०२७ ला. बाळासोबत चार आठवडे जास्त मिळतात, म्हणून आम्ही दुसरं सुचवलं. पण डॉक्टरांनी रक्तदाबासाठी किंवा आणखी कशासाठी आधी थांबायला सांगितलं तर या मांडणीची पर्वा करू नका, त्याच दिवशी थांबा. बाळंतपणामुळे आजारपण आलं तर वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत रजा मिळण्याची तरतूद आहे.

पगार २१ हजारांच्या वर असल्याने तुम्ही ईएसआयखाली येत नसणार, तेव्हा पैसे कंपनीने द्यायचे. अर्ज लेखीच द्या. त्यात चार गोष्टी: डॉक्टरांनी दिलेली तारीख, रजा कधीपासून, रजेच्या काळात दुसरीकडे काम करणार नाही हे वाक्य, आणि तुम्ही नसाल तर पैसे कुणाच्या नावे द्यायचे ते नाव. सोबत डॉक्टरांचा दाखला. पाळीवरून काढलेली तारीख आणि सोनोग्राफीची तारीख वेगळी असते. दाखल्यावर एकच असू दे आणि अर्जातही तीच. ईमेलने पाठवा किंवा प्रतीवर पोच घ्या. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम दाखल्यावर आगाऊ आणि उरलेली बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायची, असा नियम आहे. लहान कंपनीत पैशाची ओढाताण असते हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. दरमहा पगाराच्या तारखेला घ्यायचं तुम्ही स्वतः कबूल केलंत तरी चालेल, पण ते ईमेलवर असू दे. कंपनीने बाळंतपणाची मोफत वैद्यकीय सोय केलेली नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनसही मिळतो. तो मागायला लाजू नका. समूह आरोग्य विमा असेल तर बाळाचं नाव किती दिवसांत कळवायचं, हे आजच विचारून ठेवा.

हे सगळं हातात घेऊन मालकांकडे जा. नाही म्हणवत नसेल तर नाही म्हणूच नका, वेळापत्रक पुढे ठेवा. ‘साहेब, जूनचं मी त्याच्यासमोर करते, जुलैचं तो माझ्यासमोर करेल. २० ला ३बी जाईल, २१ ला मी थांबते. तुमचा नंबर या पाच ठिकाणी घालायचा आहे.’ मालकांची खरी भीती तुम्ही जाण्याची नाही, दंड बसण्याची आहे. ती कागदावर मिटलेली दिसली की चतुर्थीचा विषय बहुधा तेच सोडतील.

फोनचं मात्र स्पष्ट बोला, कारण ‘फोनवर तर असशीलच’ हे वाक्य वाढत जातं. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत बाईला कामाला लावायलाच कायद्याची मनाई आहे, आणि घरून केलेलं कामही कामच. तेव्हा आम्ही असं ठरवायला सांगू: २२ ऑगस्टपासून बाळंतपणापर्यंत फक्त त्या मुलाने, फक्त लेखी मेसेज करायचा, आणि प्रश्न ‘कुठे आहे?’ असाच असावा. ‘करून दे’ नाही. रेंज आली की उत्तर देईन, त्याच दिवशी मिळेल याचा भरवसा नाही. बाळंतपणानंतर सहा आठवडे काहीच नाही. नवऱ्याचा नंबर निरोपासाठी द्या, कामासाठी नव्हे. त्यालाही तसं सांगून ठेवा, नाहीतर तोच भिडेपोटी फोन तुमच्या कानाला लावेल.

आता निरोप. तो शेवटच्या दिवशी ठेवू नका. शेवटचा दिवस येईलच असं नाही, आणि आला तरी त्या दिवशी रोकड मोजायची आहे. गुरुवार, १३ ऑगस्ट, दुपारी चार वाजता, अर्धा तास. त्याच दिवशी श्रावण सुरू होतो, म्हणजे आदल्या दिवशीची अवसही टळली. घरच्या मोठ्यांना ती चालणार नव्हती. श्रावणात निम्मं कार्यालय मासळी-मटण खात नाही, तेव्हा खाणं शाकाहारीच ठेवा. पातोळ्या मागवा. हळदीची पानं त्या दिवसांत मुबलक असतात, हिंदूंकडे त्या नागपंचमीला होतात आणि ख्रिश्चन घरांत १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला. कुणालाच त्या परक्या नाहीत. माणशी दोन धरल्या तर बावीस, वर तीन-चार. बाहेरून मागवा. पोट सांभाळत चुलीपाशी उभं राहून तुम्ही करायच्या नाहीत.

सहकारी ओटी भरायचं म्हणतील. भरू द्या, त्यात त्यांची माया आहे. फक्त एक गोष्ट तुम्ही स्वतः, आधी, जी पुढाकार घेत असेल तिला सांगा: ओटी सगळ्यांनी भरायची. जिला मूल नाही तिनेही, जिचा नवरा नाही तिनेही, जी ख्रिश्चन आहे तिनेही, तिला हवी असेल तर. कार्यालयात कुणाला तरी हळूच मागे उभं केलं जातं आणि ते तिला वर्षानुवर्षं विसरता येत नाही. मात्र कुणी त्या दिवशी काम काढून बाहेर गेली तर तिला बोलावणं धाडू नका. गर्भ गेलेली, उपचार चालू असलेली बाई अशा वेळी मनाने कुठे असते, हे दुसऱ्याला दिसत नाही. तिला नंतर तिच्या टेबलापाशी जाऊन एकटीला भेटा. आणि बाळासाठी वस्तू आधी घेत नाहीत अशी तुमच्याकडे रीत असेल, तर तीही सांगून टाका, म्हणजे कुणी झबली-टोपडी घेऊन येणार नाही आणि घरी कुणाचा जीव टांगणीला लागणार नाही.

बोलायचं म्हणाल तर तीन वाक्यं पुरेत, आणि ती चिठ्ठीवर लिहून घ्या. ‘सहा वर्षं मी इथे काम केलं. पुढचे सहा महिने हिशेब याच्याकडे आहे आणि जुलैचा महिना तोच बंद करतोय, तेव्हा बिलं आता त्याला द्या. फेब्रुवारीत भेटू, देव बरें करूं.’ मधलं वाक्य त्या मुलासाठी आहे. सगळ्यांसमोर तुम्ही त्याचं नाव घेतलंत की दुसऱ्या दिवसापासून लोक त्याच्याकडे जायला लागतात. नाहीतर ते तुम्हालाच मेसेज करत राहतील. रडू आलं तर येऊ दे, चिठ्ठी शेजारणीच्या हाती द्या, ती वाचेल. क्षमा मात्र मागू नका. ‘मी नसल्याने तुम्हाला त्रास’ हे वाक्य चिठ्ठीत आलं असेल तर खोडा. मूल होण्यासाठी रजा घेणं म्हणजे काम अर्ध्यावर टाकणं नव्हे, आणि तुम्ही तर महिना पुरा बंद करून निघणार आहात.

ज्यांचं मनापासून काही द्यायचं राहिलंय, ज्यांनी सुरुवातीला शिकवलं, जे तुम्हाला उलट्या होत असताना चहा न सांगता बदलून आणत होते, त्यांना १७ ते २० च्या दरम्यान एकेकट्याने भेटा. तिथे पाच मिनिटं आणि एक नेमकी आठवण, बस.

बाहेरच्यांना, म्हणजे बँक, सीए, मोठी गिऱ्हाइकं, पुरवठादार यांना, ३ ऑगस्टला मेसेज करा, शेवटच्या आठवड्यात नको. ‘मी २२ ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत रजेवर आहे. बिलं आणि पैशांबाबत यापुढे कंपनीच्या ईमेलवर आणि या नंबरवर लिहावं.’ कारण लिहायची गरज नाही. त्यांचे उलट प्रश्न तुम्ही असतानाच येऊन जातील, म्हणून तीन आठवडे आधी.

बाळ झाल्याचा निरोप कार्यालयात कोण देणार, हेही ठरवून जा. नवऱ्याने एकाच व्यक्तीला कळवायचं, ती गटावर टाकेल. सोबत दुसरं वाक्य: भेटायला बारशानंतर या. सोयर असतं, बाळ-बाळंतीण दमलेली असतात, आणि दहा जणांची गाडी तिसऱ्या दिवशी सत्तरीला पोहोचली तर तुमच्या आईला चहाच करत बसावं लागेल.

२१ तारखेला निघताना खण रिकामा करा. रजेच्या अर्जाची पोच, पगाराच्या तीन पावत्या आणि विम्याचं कार्ड यांच्या प्रती कार्यालयात ठेवू नका, दवाखान्याच्या पिशवीत घाला. परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी मिळते. फोंडा-वेर्णा अंतराला ती कशी जुळवायची, उशिरा येऊन की लवकर निघून, की काही दिवस घरून काम करून, हे मालकांशी जानेवारीत बोला. आत्ता नको. आत्ता बँकेचा अर्ज.